पवन्याचा चौथा फोटो

"डॉक्टर, तुमचा फोटो उघडला. त्यात ढग आहे. ढगाला शिंगं आहेत. जनावर कुठं आहे?"

जिल्हा कार्यालयातून साहेबांचा फोन होता. मी दवाखान्याच्या ओट्यावर उभी होते. एका हातात खांद्यापर्यंतचा हातमोजा, समोर गाभण म्हैस, फोन कान आणि खांद्याच्या मधात.

"साहेब, गवळाऊ आहे. पांढराच असतो."

"पांढरा असतो हे मलाही माहीत आहे. पण त्याला पोट असतं, पाय असतात, वशिंड असतं. शनिवारी पाचला पोर्टल बंद होतं. त्याआधी नवे फोटो टाका."

मी आष्टी तालुक्यातल्या एका गावात पशुवैद्यकीय अधिकारी आहे. गवळाऊ ही आमच्याकडची गायीची जात. अंगानं पांढरी, पायानं लांब, चालीला तेज. शुद्ध जनावरं आता कमी दिसतात. म्हणून पैदास केंद्रासाठी चांगले तरुण वळू निवडायचं ठरलं होतं. निवडलेला वळू जन्मभर केंद्रात राहतो, त्याचं वीर्य गोठवून गावोगावच्या गायींसाठी पाठवतात. आधी समिती फक्त फोटो पाहते. एक आडवा, एक समोरून, एक कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा. त्यातून पसंत पडेल त्याच्याच गोठ्यात समिती येते.

माझ्या भागात एकच जनावर लायक होतं. नामदेवरावांचा तीन वर्षांचा गोऱ्हा, पवन्या. दिसायला राजबिंडा, वागायला गुंड. गावातली एकही पराटी, म्हणजे कपाशी, त्यानं चाखायची ठेवली नव्हती. शेवटी गावानं नामदेवरावांना बजावलं, पोळ्यापर्यंत याला कुठंतरी पाठवा, नाहीतर खच्ची करा. खच्ची करायचा लोखंडी चिमटा माझ्या कपाटात असतो. तो चालवणारं माणूस त्या गावांत एकच. मीच.

म्हणजे फोटो जमला तर पवन्या वळू, नाही जमला तर बैल. तोही माझ्याच हातानं.

साहेबांचं बोलणं मला लागलं, त्याला कारण होतं. आमच्या घरात भिंतीवर एकच फोटो होता. माझे बाबा गावाचे ढोरकी, म्हणजे दिवसभर सगळ्या गावाची गुरं चारायची आणि दिवस मावळता ज्याची त्याला आणून द्यायची. घर एका खोलीचं. पावसाळ्यात ताटांपेक्षा गळतीखाली ठेवायची भांडी जास्त लागायची. दहावीनंतर फॉर्मला फोटो हवा होता, तेव्हा बाजाराच्या दिवशी बाबा मला आष्टीच्या स्टुडिओत घेऊन गेले. अंगावर मैत्रिणीचा ड्रेस होता. उरलेली एक कॉपी बाबांनी भिंतीला चिकटवली. त्या फॉर्मवरून मी नागपूरपर्यंत गेले, डॉक्टर झाले. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. हे मी सांगते, कारण सांगण्यासारखं आहे. आणि आता साहेब म्हणत होते, मला वळूचा फोटो काढता येत नाही.

चूक माझीच होती. पहिला फोटो मी मंगळवारी, जाता जाता, भर एक वाजता काढला होता. पवन्या उन्हात, मागं गोठ्याचा अंधार. फोनचा कॅमेरा समोरच्या सगळ्या उजेड-अंधाराची सरासरी धरतो. त्याला काळा गोठाच जास्त दिसला. त्यानं उजेड वाढवला आणि पवन्या धुऊन निघाला.

मी नामदेवरावांना फोन केला. "उद्या सकाळी सातला फोटो काढायला येते."

गुरुवारी गेले, तर अंगणात पोळाच भरला होता. पोळ्याला अजून पंधरा दिवस होते, तरी पवन्याच्या अंगावर आरशांची झूल, शिंगांना बेगड, कपाळावर बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ. जनावराचा जो भाग दिसत होता तो म्हणजे शेपूट. समोर नामदेवराव स्वतः, परीटघडीच्या सदऱ्यात, डोक्यावर नवी टोपी.

"नामदेवराव, हे काय?"

"काय म्हंजे? फोटो हाय न जी आज."

"समितीला जनावर पाहायचंय. हे सगळं काढा."

"मॅडम, नागव्यानं फोटो काढता का त्याचा? आमच्या सुमनचं लगन जुळवाच्या टायमाले तिचा फोटो आमी असाच धाडला होता का?"

चुलीपाशी बसलेल्या अनसूयाबाई, म्हणजे त्यांची बायको, तिथूनच बोलल्या, "सुमनच्या फोटोत तुमीच मधात उभे होते. कोनाले पसंत करा लागते, हेच पाव्हण्याइले समजलं नाई."

"तू चहा मांड वं."

खरं तर मला हसायचा हक्क नव्हता. फोटोसाठी मीही उसना ड्रेस घातला होता. म्हणून तोडगा काढला. आधी एक फोटो सजवलेल्या पवन्याचा, नामदेवरावांसकट, घरी लावायला. मग सगळं उतरवून तीन सरकारी.

सरकारी फोटो काढायला लागले तर सगळे धुरकट. चुलीचा धूर म्हणावा तर धूर दुसरीकडं जात होता. मी सेटिंग उघडली, बंद केली, फोन बंद करून चालू केला. फोन चांगला भारी, मागं तीन कॅमेरे. नामदेवराव आदरानं बघत राहिले. अनसूयाबाई चहा घेऊन आल्या, फोन माझ्या हातून घेतला, उलटा केला.

"मॅडम, तुमच्या फोनच्या डोयात चिपडं हायेत."

काचेवर माझ्याच अंगठ्याचा ठसा होता. गाय तपासताना हाताला तेलकट पॅराफिन लावतो, त्याचा. अनसूयाबाईंनी काच पदरानं पुसली. पुढचा फोटो लख्ख आला. पाच वर्षं शिकलेल्या बाईनं मान खाली घालून चहा प्याला. मग आडवा आणि बिल्ल्याचा असे दोन फोटो लख्ख काढले. शेवटी समोरचा काढायला वळले तर पवन्या दोरीशी खेळत होता. तो शांत होईपर्यंत मी बादलीत हात धुऊन आले, घाईघाईत फोटो काढला, दवाखान्यात जाऊन तिन्ही अपलोड केले.

शुक्रवारी दुपारी साहेबांचा फोन.

"डॉक्टर, फोटो साफ आहेत. पण समोरच्या फोटोत कपाळावर काळा डाग आहे. समिती म्हणते, शुद्ध गवळाऊला असा डाग चालत नाही. शिवाय डोकं हत्तीचं आणि मागचं अंग बकरीचं दिसतंय."

मी फोटो मोठा करून पाहिला. दोन शिंगांच्या मधोमध बोराएवढा गोल ठिपका. इतका गोल डाग निसर्ग काढत नाही. मी हात धुवायला गेले तेवढ्यात अनसूयाबाईंनी काम उरकलं होतं.

"साहेब, ती तीट आहे. काजळ. नजर लागू नये म्हणून मालकिणीनं लावली."



"मग समितीला मी काय सांगू? वळू मेकअप करून आला होता?"

"उद्या नवे फोटो देते."

"उद्या शेवटचा दिवस आहे, डॉक्टर."

डोकं हत्तीचं का झालं, त्याचं कारणही सोपं. मी तोंडापाशी उभी राहून काढला होता. कॅमेऱ्याला जे जवळ ते फार मोठं दिसतं. माणसाचंही नाक असंच फुगतं.

शनिवारी सकाळी सातलाच पोचले. काच पुसून. अनसूयाबाईंना म्हटलं, तीट पुसा.

"नाई पुसत. झूल काढा म्हनलं, काढली. आता तीटही पुसू? उद्या पायानं लंगडला तं?"

नामदेवराव घायकुतीला आले. "अवं, तीट पुसली तं नजर लागन का नाई, मले मालूम नाई. नाई पुसली तं मॅडम चिमटा लावन, हे पक्कं मालूम हाय!"

अनसूयाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. "खरंच लावान तुमी?"

"मला लावावाच लागेल, मावशी."

त्यांनी पवन्याच्या कपाळावर हात ठेवला, तीट झाकून. मग माझ्या लक्षात आलं, कॅमेऱ्याला सगळं दिसत नाही. "मावशी, बिल्ला डाव्या कानात आहे. आडवा फोटो डावीकडूनच काढायचा. तीट उजव्या कानाच्या मागं लावा. नजरेला दिसेल, समितीला नाही."

त्यांना हे पटलं. कपाळ धुतलं, कानामागं लावली. जरा जास्तच लावली.

पवन्याला पराटीच्या बांधावर नेलं. मागं हिरवीगार पराटी, त्यावर पांढरं अंग उठून दिसणार. सकाळचं ऊन माझ्या पाठीशी. मी दहा पावलं मागं गेले आणि फोनमध्ये दोनपट जवळ घेतलं, म्हणजे डोकं आणि अंग मापात राहतं. मग खाली बसले, कारण उभं राहून काढला की पाय आखूड दिसतात. कशात बसले ते बसल्यावर कळलं. स्क्रीनवर पवन्याच्या पोटावर बोट टेकवलं. तिथं छोटा सूर्य उमटला, तो बोटानं खाली ओढला. उजेड उतरला आणि ढगातून जनावर बाहेर आलं. बरगड्या, गळ्याखालच्या पोळीची घडी, वशिंडावरची राखाडी झाक, सगळं.

फक्त पवन्या मान खाली घालून चरत होता. मान वर, कान पुढं, चारही पाय दिसायला हवे होते.

"थांबा जी, ढेपेचा डब्बा वाजवतो," नामदेवराव म्हणाले आणि माझ्या शेजारी येऊन सरकीच्या ढेपेचा डबा खडखडवला.

पवन्यानं मान वर केली. कान पुढं केले. आणि ढेपेकडं धावत सुटला. ढेप माझ्याजवळ होती. मी फोनसकट पराटीत पडले. त्या वेळी निघालेल्या फोटोत एक नाकपुडी आहे, अख्ख्या स्क्रीनभर. बारीकसारीक केसही दिसतात.

पवन्याला पुन्हा बांधावर उभं केलं. ढेप खाऊन तो आता सुस्त झाला होता. नामदेवरावांनी टाळ्या वाजवल्या, टोपी हलवली. त्यानं ढुंकून पाहिलं नाही. ऊन वर चढत होतं. अजून तासाभरात पुन्हा ढगच मिळाला असता.

तेव्हा मला बाबा आठवले. गुरं परतायच्या वेळी ते तोंडाशी हात धरून एक हाळी द्यायचे. आधी घशातून खोल, मग एकदम वर चढणारी. रानात कुठंही असो, गाय मान वर करून कान टवकारायची. लहानपणी मी ती शिकले होते. कॉलेजात गेल्यावर तोंडातून कधी काढली नाही. ढोरक्याची पोरगी म्हणून हसतील, असं वाटायचं.

मी फोन धरला आणि हाळी दिली.

"हुऽऽऽ हो होऽऽऽ!"

पवन्यानं झटकन मान वर केली. चारही पाय रोवून, मान ताठ, दोन्ही कान पुढं. माझ्या फोनमध्ये बटण दाबून धरलं की एकामागून एक फोटो निघतात. बावीस निघाले. एकवीस वाया गेले, एक नेमका आला. मग समोरचा, मग बिल्ल्याचा.

नामदेवराव तोंड उघडं ठेवून उभे होते. "मॅडम, हे डाक्टरकीत शिकवतेत?"

"नाही. बाबांनी शिकवलं. ते ढोरकी होते."

"तरीच!" ते म्हणाले. "मी म्हनो, मॅडम शेनात बसल्या तरी उठून काऊन नाई राह्यल्या."

अकरा वाजता फोटो अपलोड झाले. साहेबांचा एका ओळीचा मेसेज आला: "जनावर दिसलं."

पुढच्या आठवड्यात समिती गोठ्यात आली. त्यातल्या म्हाताऱ्या सरांनी पवन्याच्या अंगावरून हात फिरवला, दात पाहिले, कान उलटे केले. बोट काळं झालं. त्यांनी बोटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"सर, हे फॉर्ममध्ये विचारलेलं नाही," मी म्हटलं.

अनसूयाबाई दारातून म्हणाल्या, "पुसली न? आता मले पुन्हा लावा लागन."

सर हसले आणि सही केली.

पोळ्याच्या चार दिवस आधी केंद्राची गाडी आली. नामदेवरावांनी झूल चढवूनच पवन्याला गाडीत घातलं, आणि या वेळी मी अडवलं नाही.

काच पुसा, उन्हाकडं पाठ करा, खाली बसायची लाज धरू नका. बाकी ज्याचा फोटो काढायचा त्याला हाक कशी मारायची, हे कोणत्याच फोनमध्ये येत नाही.

चिमटा कपाटातच आहे. पवन्या केंद्रात आहे. तो बावीसातला एक फोटो विभागाच्या माहितीपत्रकावर छापला, खाली बारीक अक्षरात माझं नाव आणि मधे बाबांचं. बाबांनी तो कापून भिंतीला लावला. आमच्या भिंतीवर आता दोन फोटो आहेत.