चुन्याचे पाच चौकोन

डहाणूजवळच्या चिखल्याच्या तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, थोरल्या मुलाने मला आपल्या घरी नेलं, त्याच्या आईने मला जेवू घातलं, आणि माझ्यापायी त्याने स्वतःची वसतिगृहातली जागा घालवली. हे आधी लिहून टाकतो. पुढचं लिहिताना माझं डोकं फिरणार आहे, आणि त्या भरात त्याचं नाव मागे पडायला नको.

मी माणदेशातला. सातवीत शाळा सुटली. कामाच्या मागे फिरत फिरत डहाणूला पोहोचलो आणि तिथल्या एका कॉलेजात तात्पुरता शिपाई म्हणून लागलो. लागलो तो उंचीवर. खेळाच्या सरांना बास्केटबॉलसाठी उंच माणूस हवा होता, आणि खुल्या स्पर्धेत कॉलेजकडून शिपाई उतरला तरी चालायचं. सर सरळच म्हणाले होते, "खेळलास तर नोकरी. नाहीतर गाडी पकड." गाडी पकडून जायचं कुठे? गावी भावाच्या घरात माझं ताट कोणी मांडत नव्हतं. त्यामुळे मी खेळायचो ते भीतीने.

त्या हिवाळ्यात सरांनी कुठल्याशा पुस्तकातून झोन आणला. समोरचा माणूस धरायचा नाही, आपण जागा धरायची. पुढे दोघे, मागे तिघे. माझ्याच हातून त्यांनी मैदानावर चुन्याची फक्की मारून घेतली, पाच चौकोन, आणि एकेकाला त्यात उभं केलं. मी मागे मध्ये, बास्केटच्या खाली. तांडेलाचा मुलगा माझ्या डावीकडे. "चौकोन सोडला तर बघा," एवढंच सरांचं शिकवणं. बॉल सरकेल तसे पाचही जण मिळून सरकतात, हे मला पुढे ठाण्यात एका कारखान्याच्या संघाचा खेळ बघून कळलं. सरांनी पुस्तक अर्धंच वाचलं होतं, की आमच्यासारख्यांना अर्धं पुरे असं त्यांना वाटलं होतं, देव जाणे. आजही आठवलं की दात आवळले जातात.

सामना तलासरीला होता. समोर गुजरातकडच्या गिरणीचा संघ. जवळच्या झरी गावची माणसं भात झोडून मोकळी झालेली, मैदानाच्या कडेला उकिडवी बसलेली. गिरणीच्या एका बुटक्या खेळाडूने आमचं दुखणं लगेच ओळखलं. तो माझ्या आणि तांडेलाच्या मुलाच्या मधोमध येऊन थांबायचा, बॉल घ्यायचा आणि आरामात टाकायचा. मी दुसऱ्याला अडवण्यात गुंतलेला. तांडेलाचा मुलगा हाताच्या अंतरावर, पण पाय जमिनीला चिकटवल्यासारखा उभा.

मध्यंतराला मी त्याला म्हटलं, "हात का घालत नाहीस?"

"तुझ्या चौकोनात होता तो."

"अरे, तुझ्या नाकासमोर होता."

"असू दे. दुसऱ्याच्या खुंटाला हात लावतो का कोणी? आमच्यात त्यावरून डोकी फुटतात, भाय."

तो थट्टा करत नव्हता. समुद्रात प्रत्येक घराची जाळं लावायची जागा ठरलेली, तिथे त्या घराचे खुंट रोवलेले. शेजारच्या जाळ्यात मासळी फुटेस्तोवर भरली तरी कोणी बोट लावत नाही. सरांनी फक्कीने रेघा मारल्या, आणि या पोराच्या मनात त्या तशाच बसल्या. उजवीकडचा खेळाडूही चिखल्याचाच. तोही मान डोलावत होता.

मी विचारलं, "आणि एखादा तापाने पडला तर? त्याचं जाळं कुजू देता?"

"नाय. तो सांगतो ना, आज माझं तू उचल. मग उचलतो."

"मग मी सांगतो. मी उचल म्हटलं की तू ये."

तो हसला. "घाट्या, तुला बोंबील आणि मांदेली तरी वेगळी ओळखता येते का?"

सर मागेच उभे होते. "शिपायाने शिकवायचं का आता? कोणीही जागा सोडायची नाही. सोडलेली दिसली तर तू उद्यापासून कामावर येऊ नकोस." बोट माझ्याकडे.

खेळ सुरू झाला. बुटका पुन्हा तिथेच आला आणि माझ्या तोंडून आवाज फुटला नाही. नोकरी डोळ्यांसमोर होती. बास्केट झाली. तो परत जाताना आमच्याकडे बघून हसला, आणि त्या हसण्याने माझं डोकं गेलं. पुढच्या खेपेला मी ओरडलो, "उचल." तांडेलाचा मुलगा असा आत घुसला की बुटक्याच्या हातात नुसती हवा राहिली. मग उजवीकडून उचल, पुढून उचल, पाचही जण ओरडायला लागले. झरीची माणसं हसत होती, तीही ओरडायला लागली. आम्ही जिंकलो.

जिंकल्याचा हार सरांनी आपल्या गळ्यात घालून घेतला. भाषणात म्हणाले, "शिस्त म्हणजे काय ते माझ्या झोनने दाखवून दिलं." मग आम्हाला घेऊन आलेल्या ट्रकजवळ येऊन मला हळूच म्हणाले, "तुला सांगितलं होतं. उद्यापासून नको." जिंकून दिल्यावर हे. याच माझ्या हातांनी मी त्यांची फक्की मारली होती.

तांडेलाच्या मुलाने संघाची बनियन काढली आणि ट्रकच्या फळीवर टाकली. "मग मीपण नको."

"वसतिगृहातली जागा खेळाडूंना असते, लक्षात ठेव."

"ठेवलं, सर."

त्याच्या आईने मला दारात बघितलं आणि मुलाला म्हणाली, "काठीवर वाळत घातलेला बोंबील कुठून आणलास?" मग मला म्हणाली, "बस बाबा, जेव." दुसरं काम मिळेपर्यंत मी त्याच घरी होतो. वसतिगृह सुटून घरी आल्यामुळे तो पहाटे बापाबरोबर होडीवर जायचा आणि तिथून कॉलेजला. वर्गात डोळे मिटायचे. त्या वर्षी नापास झाला आणि कॉलेज सुटलं. मला त्याने एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. सर मात्र अजून तिथेच आहेत, आणि ऐकतो की अजून चौकोन आखतात.

मी आता ठाण्यात कारखान्यात आहे, खोली आहे, बायको आहे. त्याची धाकटी बहीण सातवीत आहे, तिला मास्तरीण व्हायचंय. तिच्या पुढच्या शिकण्याचं त्याला विचारलं की "बघू" म्हणतो. बघू नाही. तिची तिकडची शाळा संपली की मी स्वतः चिखल्याला जाऊन तिला घेऊन येईन. ती मास्तरीण होईस्तोवर आमच्या घरी राहील, आणि तिच्या शिकण्याचं सगळं मी करीन. बायकोशी बोलून झालं आहे.