मॅडम, तुम्ही पायाळू आहात का?

कंबर दुखणाऱ्या माणसाला कुठेच धड बसता येत नाही, त्यामुळे गप्पही बसता येत नाही. माझ्याकडचे किस्से साठतात ते असे! त्यात आमचं टेबल. कायरोप्रॅक्टिकच्या टेबलाला डोक्याकडे एक भोक असतं. पेशंट पालथा झोपतो, त्या भोकात तोंड घालतो, आणि मग त्याला माझा चेहरा दिसत नाही, फक्त माझ्या चपला दिसतात. चपलांशी माणसं फार मोकळेपणी बोलतात.

माझं क्लिनिक इंदिरानगरला. शिकले फिजिओथेरपी, वर कायरोप्रॅक्टिक. अडकलेल्या सांध्याला हाताने नेमका झटका देऊन मोकळं करायचं, असं ते काम. बाहेर शबाना बसते. ती जुन्या नाशकातली. पेशंटना अपॉइंटमेंट देते आणि कोणी न मागता मतंही देते.

*

रोजचा पहिला प्रश्न ठरलेला. "मॅडम, तो जो कट्ट आवाज येतो, तेव्हा हाड मोडतं का हो?"

बँकेतून रिटायर झालेल्या एका काकांना मी समजावून सांगितलं, "हाड जागच्या जागी असतं. सांध्यातल्या पाण्यात गॅसचा बुडबुडा होतो, त्याचा तो आवाज."

काकांनी भोकातून मान बाहेर काढली आणि कोपऱ्यातल्या बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं. "ऐकलंस? आता तरी पावट्याची उसळ बंद कर!"

*

दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार बायकोला घेऊन आले. त्यांचा काठीसारखा ताठलेला खांदा मी मोकळा केला. हात वर गेला, खाली आला, गोल फिरला. तरी माणूस काही खूश दिसेना.

"दुखतंय का अजून?"

"दुखत नाय. पन आवाज नाय आला."

"दादा, आवाजाने काही होत नाही. काही सांधे बिनआवाजाचे सुटतात."

"ते खरं हो. पन भावकीला व्हिडिओ पाठवायचाय. आवाज नाय तं लोक म्हनतील, नुसता हात फिरवून घेतला."

नुसत्या आवाजासाठी परत झटका द्यायला मी तिसऱ्यांदा नकार दिला तेव्हा मोबाईल धरून उभी असलेली बायको वैतागली. "मॅडम, तुम्ही नुसतं दाबल्यावानी करा. आवाज मी काढते!"

आणि तिने जिभेने असा काही खणखणीत टक् काढला की बाहेरून शबाना पळत आली. तो व्हिडिओ बघून आजही लोक माझ्याकडे येतात.

*

अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघणारे पवारसाहेब आले ते थेट मुद्द्यावर. "अलाइनमेंट आउट झालीय. किती सिटिंग? गॅरंटी काय?"

म्हटलं, गॅरंटी नसते. आज बरं वाटेल, पण आठवडाभर वजन उचलायचं नाही.

उपचार झाले, साहेब उठले, दोन पावलं चालले, मान हलवली. "चांगलं वाटतंय. पण आमच्याकडे ट्रायल घेतल्याशिवाय मशीन ताब्यात घेत नाहीत!" असं म्हणत ते बाहेर गेले आणि मी नाही नाही म्हणेपर्यंत शबानाच्या टेबलाशेजारचा पाण्याचा भरलेला जार त्यांनी उचलला.

जार वर आला. साहेब तिथेच राहिले, वाकलेले.

शबाना जागेवरूनच ओरडली, "मॅडम, ट्रायल फेल!"

*

त्र्यंबकेश्वरच्या एका गुरुजींची मान धरली होती. दिवसभर खाली मान घालून पूजा सांगायच्या, दुसरं काय होणार! मी मानेला हात लावणार तेवढ्यात म्हणाले, "थांबा, वेळ बघू." मोबाईलवर पंचांग काढलं. "राहुकाळ आहे. संपला की लावा."

म्हटलं ठीक आहे, बसा बाहेर. राहुकाळ संपल्यावर मी दार उघडलं तर वेटिंग रूममध्ये गुरुजी एकटेच.

"बाकीचे कुठे गेले गं?"

शबाना हताशपणे म्हणाली, "गुरुजींनी सगळ्यांची रास विचारली. एकाला मंगळवार दिला, एकीला पौर्णिमेनंतर यायला सांगितलं. पवारसाहेबांना तर म्हणाले, वर्षभर जारला हात लावू नका!"

शेवटचा सल्ला बाकी वैद्यकीयदृष्ट्या चोख होता.

*

आता तो प्रश्न, जो मला नको असतो.

पेठकडून एक म्हातारी एसटीने यायची. पहिल्याच दिवशी टेबलावर पालथी झाली, माझ्या चपलांकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाय, तू पायाळू हाय का?"

जन्माच्या वेळी ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाने पाठीला हलकी लाथ मारायची, उसण पळते, असं आपल्याकडे सगळे मानतात. नाही म्हणणारेही उसण भरली की मानतात.

"नाही आजी. मी शिकून डॉक्टर झालेय."

"नाय? मंग येवढी मोठी पाटी कशाला लावली?"

तेव्हा मी हसले. पण खरी गोष्ट अशी, की मी पायाळूच आहे. हे मी शबानालाही कधी सांगितलं नव्हतं.

*

लहानपणी पंचवटीत आमच्या ओट्यावर कोणी ना कोणी पालथं पडलेलंच असायचं. मी शाळेतून आले की आई दप्तर काढून घ्यायची आणि म्हणायची, "आधी काकूंना लाथ मार, मग दूध पी." लाथ मारून झाली की मोठ्यांना पाय लागला म्हणून त्यांना वाकून नमस्कारही करायचा. आईची स्वतःची पाठ तर माझ्या हक्काचीच. भांडी घासून झाली की ती सतरंजीवर पालथी व्हायची. "ये गं, दे एक!"

एकदा आमचे गणिताचे सर उसण भरून आले. त्याच दिवशी त्यांनी मला वर्गाबाहेर उभं केलेलं. आई म्हणाली, हळू मार. मी मनापासून मारली! दुसऱ्या दिवशी सर ताठ चालत वर्गात आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हिच्या पायात गुण आहे. डोक्यात नाही."

वर्ग हसला. मी त्या दिवसापासून कोणाला लाथ मारली नाही, आईलासुद्धा नाही. पुढे जे काही शिकले, त्यातलं निम्मं त्या एका वाक्याच्या रागावर शिकले. माझ्याकडे लोक यावेत ते माझ्या हातांसाठी, डोक्यासाठी, एवढंच मला हवं होतं.

आणि झालं काय? सगळं नाशिक माझ्या हातात मान देतं. एक माझी आई सोडून! ती शाळेतली मास्तरीण, रिटायर झाली, कंबर दुखायला लागली. मी म्हणायची, क्लिनिकमध्ये ये. ती म्हणायची, "टेबलाबिबलाचं काय करायचंय? इथेच एक लाथ मार आणि जा."

"आई, मी डॉक्टर आहे."

"हो गं. म्हणून काय पाय गेले का तुझे?"

मी लाथ मारणार नाही आणि ती माझ्या हाताखाली येणार नाही. ती वाकून चालायची आणि मी बघत राहायची. फार लागायचं मला ते.

*

गेल्या महिन्यात एका शनिवारी वेटिंग रूम भरलेली. पवारसाहेब होते, गुरुजी होते, दिंडोरीचं जोडपं होतं. रिक्षा थांबली आणि आई उतरली. जवळजवळ काटकोनात! हातात एक्स-रेचं पाकीट.

"काढलाय," म्हणाली. "मोडलंबिडलं काही नाही. आता काय करायचं ते कर."

बाकीच्यांची माफी मागून मी तिला आत घेतलं. एक्स-रे नीट पाहिला, तिला टेबलावर पालथं झोपवलं. आयुष्यात पहिल्यांदा माझी आई माझ्या हाताखाली होती. मी अगदी हळूहळू, जेवढं येतं तेवढं सगळं त्या पाठीसाठी वापरलं. आई भोकातून खाली बघत होती.

"झालं," मी म्हटलं. "कसं वाटतंय?"

"हात झाले असतील तर चप्पल काढ."

"आई!" मी कुजबुजले. "बाहेर पेशंट आहेत."

मास्तरणीचा आवाज तो. चौथीच्या वर्गातून सातवीपर्यंत जायचा. "असू देत की! पायाळू जन्मलीस म्हणून लाज वाटते का तुला? तू पाय आधी बाहेर काढलेस तेव्हा हाल माझे झाले! त्याचा उपयोग मलाच नको का?"

बाहेर चालू असलेली कुजबुज एकदम थांबली.

मी दाराकडे पाहिलं. आईच्या पाठीकडे पाहिलं. मग चप्पल काढली आणि कंबरेला अलगद पाय लावला. एकदा, दोनदा, तीनदा. लगेच वाकून नमस्कार केला.

आई कुशीवर वळली, उठून बसली, उभी राहिली. सरळ! पदर नीट केला आणि म्हणाली, "हात चांगला आहे गं तुझा. कळ तर हातानेच गेली होती."

"मग लाथ कशाला मागितलीस?"

"किती वर्षं झाली," आई म्हणाली, "तू मारली नव्हतीस."

मी खाली बघून पायाने चप्पल शोधायला लागले, तेवढ्यात दार किलकिलं झालं आणि शबानाचं डोकं आत आलं.

"मॅडम, सगळे म्हणतायत, चप्पल घालूच नका!"