हृदयाचं उत्पन्न

"बरं झालं, अक्काला शेवटपर्यंत काही कळलं नाही. जूनमध्ये शाळा उघडली की जाईन म्हणायची... भाबडीच होती," बाबा बाहेरच्या खोलीत कुणाला तरी सांगत होते. आत्या जाऊन दोन-तीन आठवडे झाले होते, तरी भेटायला येणारे येतच होते. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. हातात नेमका तिचा कप आला, निळ्या काठाचा, कान तुटलेला. तो बाजूला ठेवून मी दुसरा घेतला.

सुमनआत्या ही बाबांची थोरली बहीण. तिनं लग्न केलं नाही. नाशिकरोडच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवलं आणि आमच्याच घरात राहिली. मला मात्र बाबांनी इंग्रजी शाळेत घातलं. "आमच्या मडमबाईंना हृदय नाही हो, हार्ट आहे," असं ती शेजारणींना सांगायची आणि स्वतःच हसायची. मला हसू यायचं नाही. मराठीत बोलताना मध्येच शब्द अडेल या धास्तीनं मी गप्प बसायची, आणि पाहुण्यांना ते माझं शहाणपण वाटायचं.

शहात्तर-सत्त्याहत्तर साल असेल. परीक्षेसाठी मी इंग्रजीत घोकत होते, की हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त पुढे ढकलतं. आत्यानं माझं पुस्तक मिटलं आणि मला मोरीत नेलं. एका बादलीत तेवढं पाणी घेतलं, शेजारी रिकामी बादली ठेवली आणि तो कप माझ्या हातात दिला. तेव्हा त्याला कान होता. "अर्धाच भरायचा. एका ठोक्याला एवढंच. चल, माझ्या टाळीबरोबर." ती टाळ्या वाजवत राहिली, मी या बादलीतून त्या बादलीत ओतत राहिले. थोड्याच वेळात दंड भरून आले, फ्रॉक भिजला, निम्मं पाणी फरशीवर गेलं. "दमलीस ना? ते दमत नाही. तू घोरत असलीस तरी चालूच," असं म्हणून तिनं माझीच बोटं माझ्या मनगटावर ठेवली. "आणि गंमत सांगू? अंगात रक्तही साधारण तेवढंच असतं. तेच तेच फिरवायचं. बायकांच्या कामासारखं!"

त्याला बरीच वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात फळ्यावर लिहितानाच तिला धाप लागायला लागली. पावलं सुजली, चपला होईनात. रात्री उशांना टेकून बसूनच झोपायची. दवाखान्यात ठेवलं तेव्हा बाबांनी डॉक्टरांना आधीच विनवलं, की तिच्यासमोर इंग्रजीतच बोला. मलाही बजावलं, "तू काही सांगायचं नाहीस. तशीही तू बोलत नाहीसच." डॉक्टर खाटेशी उभे राहून बोलले. आत्या त्यांच्याकडे बघतच नव्हती... ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती.

डॉक्टर आणि बाबा बाहेर गेल्यावर तिनं विचारलं, "काय गं ते? आउटपुट आउटपुट म्हणत होता तो."

मी मनातल्या मनात शब्द शोधला. शाळेत एक कधीतरी पाठ केला होता, तोच आठवला. "आत्या, तुझ्या हृदयाचं... उत्पन्न कमी झालंय."

ती इतकी हसली, की तिला ठसका लागला. "उत्पन्न? अगं, निफाडचा द्राक्षमळा आहे का तो? हृदय काही पिकवत नाही, मडमबाई. पुढे ढकलतं." मग हसणं ओसरलं. "किती कमी?"

मी चादरीच्या सुरकुत्या सारख्या करू लागले.

"बोलता येत नसेल तर दाखव."

घरून आणलेला तो कप खाटेजवळच्या स्टुलावर होता. तोवर त्याचा कान गेलेला होता. मी तांब्यातलं पाणी त्यात अर्ध्यापर्यंत ओतलं. मग थोडं परत तांब्यात ओतलं आणि तिच्याकडे पाहिलं. तिची नजर कपावरच होती. मी आणखी ओतलं. तळाशी जेमतेम राहिलं, तेव्हा कप तिच्या हातात दिला. तिनं तो कलता करून नीट पाहिला, वहीतलं गणित तपासावं तसा. "हं. मला वाटलंच होतं." आणि तेवढं पाणी पिऊन टाकलं.

कप परत देत म्हणाली, "बाबाला कळू देऊ नकोस. मला काही माहीत नाही असं त्याला वाटतं, तेवढ्या एकाच आधारावर तो उभा आहे." त्याच संध्याकाळी बाबा आल्यावर ती जूनचं वेळापत्रक काढून बसली. पहिला तास आठवीचा हवा म्हणून भांडलीसुद्धा.

पाहुणे गेल्यावर बाबा रिकाम्या कपबशा घेऊन आत आले. ओट्यावरचा निळा कप त्यांनी उचलला. "हा कशाला ठेवलाय? कानही नाही याला." मी तो त्यांच्या हातातून घेतला. नळाखाली धरला, अर्धा भरला... आणि तसाच धरून उभी राहिले. बाबा म्हणाले, "काय झालं? बोल की."

"आत्या भाबडी नव्हती, बाबा. तिला सगळं कळलं होतं. ती तुम्हाला सांभाळत होती."