मखमलाबादच्या मळ्यातलं वर्तुळ

मखमलाबाद रस्त्याच्या आत, विधात्यांच्या मळ्यात फ्लॉवर, झेंडू, मेथी सगळं ओळीत उभं असतं. फक्त विहिरीकडचा एक चौकोनी तुकडा रिकामा. त्याच्या मधोमध पायांनी टणक झालेली ताटाएवढी जागा, आणि भोवती मोठ्ठं गोल गवत कापलेलं. नवीन माणसाला वाटतं, इथे बैल फिरवत असतील. प्रत्यक्षात तिथे सावळीराम विधाते नावाचा गृहस्थ स्वतःच फिरतो.

सावळीरामने अंबडच्या एका कारखान्यात, हत्यारं-साचे बनवणाऱ्या टूलरूममध्ये बत्तीस वर्षं काढली. तिथल्याच एका साहेबाने एकदा हलक्या बाल्सा लाकडाचं, दोन तारांवर उडणारं विमान आणलं आणि हा माणूस कामातून गेला. या विमानाला रिमोट नसतो. साठ फुटांच्या दोन बारीक पोलादी तारा, एक टोक विमानाच्या पंखात, दुसरं उडवणाऱ्याच्या हातातल्या लाकडी मुठीला. मूठ वर कलवली की विमान वर, खाली कलवली की खाली. बाकी विमान आपलं गोल फिरतं आणि उडवणाराही त्याच्याबरोबर जागच्या जागी गोल फिरतो. यात कोलांट्या मारायच्या, हवेत चौकोन काढायचे, डोक्यावर आठचा आकडा काढायचा. डोकं गरगरलं तरी तक्रार करायची नाही.

विमान सुटेपर्यंत मागून धरून ठेवायला एक माणूस लागतो. ते काम वीस वर्षं त्याची बायको गोजराबाई करत होती. पदर खोचायचा, शेपूट धरून बसायचं, सावळीराम मूठ हलवील तसं "वर", "खाली" असं शेपटाची हलती पट्टी बघून ओरडायचं, आणि त्याने मान हलवली की सोडून द्यायचं. तारा उलट्या जोडल्या गेल्या तर वर म्हटल्यावर विमान जमिनीत घुसतं. तिच्या ओरडण्यामुळे तीन विमानं वाचली होती. सावळीराम हे कबूल करायचा, पण दोनच धरायचा.

प्रफुल्ल हा त्याचा कारखान्यातला जुना जोडीदार आणि मळ्यातला कायमचा विरोधक. सावळीरामचं विमान जाड पंखाचं, वजनदार. पंखाच्या मागच्या कडेला झडपा, शेपटाच्या पट्टीच्या उलट दिशेने हलणाऱ्या. इंजिन तेलाचं, इंधनात एरंडेल. प्रफुल्लचं सडपातळ, बिनझडपांचं, बॅटरीच्या मोटरवर चालणारं. प्रफुल्ल म्हणायचा, तुझं विमान वळत नाही, विचार करतं. सावळीराम म्हणायचा, तुझ्या विमानाला विचारच नाही. दर रविवारी हे भांडण चहाबरोबर उकळायचं आणि कधी तळाला जायचं नाही.

या वर्षी श्रावणात गोजराबाईने सांगून टाकलं की दसऱ्याच्या झेंडूला तो तुकडा हवा. पाण्याला जवळ, काळी माती, आणि नुसतं गवत पोसतंय. घरची शेती तिने ओढली होती. सावळीराम कारखान्यातल्या पाळीहून येऊन झोपायचा नाहीतर पंख घासत बसायचा. कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? पण तो आतून फार घाबरला. मळ्यात साठ फुटी तारा फिरवायला दुसरी जागा नव्हती. वर्तुळ गेलं की विमानं माळ्यावर जाणार, हे त्याला कळून चुकलं होतं.

प्रफुल्लने तोडगा काढला. एकच शेवटचा रविवार. दोन्ही विमानं सारखेच खेळ करतील आणि वीस वर्षांच्या वादाचा निकाल वहिनी देतील. सावळीराम तयार झाला, कारण त्याला वेडी आशा होती की सुंदर उड्डाण पाहून बायको विरघळेल. गोजराबाई आजवर भाजीवालीच्या घासाघिशीलाही विरघळली नव्हती, पण आशेचं काय करायचं?

पाऊस उघडला होता, वारा होता. आधी प्रफुल्लचं विमान उडलं. चौकोनाचे कोपरे असे कापले की सुतारानेही मान डोलवावी. पण शेवटी मोटर थांबली, वेग मेला, तारा सैल पडल्या आणि वाऱ्याने ते हलकं विमान आत ढकललं. टुणटुण उड्या मारत ते वर्तुळात पाच-सहा पावलं शिरून आडवं झालं.

मग सावळीरामचं. त्याचे कोपरे गोलच निघाले. प्रफुल्ल मोठ्याने म्हणाला, हा चौकोन नाही, भाकरी आहे. पण डोक्यावरच्या आठमध्येही तारा ताणलेल्याच राहिल्या, आणि इंजिन बंद झाल्यावर झडपांच्या जोरावर ते सावकाश, अर्धी फेरी तरंगत उतरलं. विमान सोडतानाच गोजराबाईच्या लुगड्यावर नेहमीप्रमाणे एरंडेलाचे ठिपके उडाले होते.

निकाल द्यायचा सोडून ती मातीकडे बघत चालायला लागली. सावळीरामच्या चाकांची ओल्या मातीत एकच रेघ होती, कडेकडेने, कुठे आत न शिरलेली. ती परत आली.

"परफुल्लभाऊ, तुमची मोटर यांच्या विमानाला बसती का?"

बसेल, प्रफुल्ल म्हणाला. वजन जुळवावं लागेल.

"मग बसवा. त्या तेलानं माझी कोथिंबीर नासायची."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिने समजावून सांगितलं. झेंडू कमरेएवढा होतो, तार अडकेल. तो चार कोपऱ्यांत लावायचा. आत कोथिंबीर, ती वीतभरच. कडेला पाच हातांचा पट्टा विमानाला मोकळा आणि मधे जायला एक पाऊलवाट. पण विमान जाड पंखाचंच हवं, पिकात न शिरणारं.

सावळीरामला हायसं वाटलं, इतकं की डोळे भरून आले. त्याने विचारलं, माझ्यासाठी एवढं कशाला?

"तुमच्यासाठी? वीस वर्षं शेपूट मी धरती. हे काय तुमच्या एकट्याचं हाय व्हय?"

जी मूठ सावळीरामने प्रफुल्ललाही सहज दिली नव्हती, ती तिच्या हातात द्यायचं वीस वर्षांत त्याला एकदाही सुचलं नव्हतं. त्याला लाज वाटली.

पंधरवड्याने मोटर बसली. कोथिंबीर बोटभर वर आली होती. शेपूट प्रफुल्लने धरलं. मूठ गोजराबाईच्या हातात होती आणि मागे उभ्या सावळीरामचा हात तिच्या मुठीवर. प्रफुल्ल "वर", "खाली" ओरडला तर तिने तिथूनच सांगितलं, आवाज मोठा काढा. विमान सुटलं. तिसऱ्या फेरीला सावळीरामने आपला हात अलगद काढून घेतला. पाचव्या फेरीला डोकं गरगरतंय म्हणाली, पण मूठ काही तिने सोडली नाही.