रॅलीत बसलेली अम्मा

परवा लातुरात नातीला क्लासला सोडताना रिक्षाच्या उन्हात तापलेल्या रेक्झिनच्या सीटचा वास आला आणि शेजारच्या रफिकभाईंची जुनी मोटार आठवली. स्वस्तात मिळालेली ती गाडी घेऊन आम्ही दोघं लातूर ते गोवा मोटार-रॅलीच्या स्पर्धेला निघालो होतो. भूकंपाला तेव्हा काही वर्षं झाली होती.

पहिल्याच दिवशी पुनर्वसनातल्या एका गावापाशी इंजिन तापलं. एका म्हातारीनं घागरभर पाणी दिलं. मग हळूच म्हणाली, “लेकरांनो, जुन्या गावात माझी चिंच हाय. आता पाय चालत न्हाईत. नेताव का?”

रॅलीच्या पुढच्या नोंदणी-ठाण्यावर वेळेत पोचलो नाही तर आम्ही बाद होणार होतो. मी रफिकभाईंकडे पाहिलं. त्यांनी पुढचं दार उघडलं. “बसा अम्मा.”

पडक्या दगडांमध्ये चिंच लगडून उभी होती. म्हातारीनं खोडाला गाल लावला आणि घरच्यांना सांगावं तसं म्हणाली, “मोटारीनं आले बगा.”

तेव्हा माझ्या मनातून गोवा जात नव्हता. आता मात्र खोडाला टेकलेला तो गालच लख्ख दिसतो. तिला नव्या गावात परत आणलं तर ती गाडीतून उतरेचना.

“आजून एक चक्कर मारा की!”

तोवर आम्ही बाद झालोच होतो. रफिकभाईंनी हसत गाडी वळवली.