सुपडूभाऊंच्या तांबडीची काच

सुपडूभाऊ चौधरी मोटार चालवताना समोरून येणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करत, आणि तोही दोन्ही हात जोडून. चाक सोडून दिलेलं, गाडी आपल्या मर्जीनं चाललेली आणि भाऊ हसतमुखानं "रामराम हो!" म्हणताहेत, हे दृश्य यावलच्या आसपास सगळ्यांच्या ओळखीचं होतं. समोरचा माणूस आधी रस्त्याकडेच्या चारीत उडी घेई आणि मग तिथून रामराम परत करी. मी एकदा म्हणालो, "भाऊ, निदान एक हात तरी चाकावर ठेवत जा." भाऊ दुखावले. म्हणाले, "एका हातानं रामराम? मास्तर, मी काय माशी हाकलू राह्यलो?"

मी मूळचा धुळ्याचा. भाऊंच्या गावच्या शाळेत मास्तर म्हणून गेलो आणि सुपडूभाऊंच्या ओसरीलगतच्या खोलीत राहिलो. माझ्या बोलण्यात कधी 'आहे'च्या जागी धुळ्याकडचं 'शे' आलं की भाऊ ओसरीवरून मोठ्यानं विचारत, "काय शे, मास्तर?" आणि स्वतःच हसत. त्यांच्या बोलण्यात 'ळ'चा 'य' होई, ते मात्र त्यांच्या ध्यानात नसे. केळीचे मोठे बागाईतदार, पण अंगावर जाडंभरडं धोतर आणि बंडी. हौस म्हणून एकच, ती तांबडी.

तांबडी म्हणजे इटलीत बनलेली शर्यतीची मोटार. लांब नाकाची, जमिनीला जवळजवळ टेकलेली, आणि बसायला जागा दोघांपुरती. सातपुड्यापलीकडच्या एका छोट्या संस्थानाच्या राजपुत्रानं ती विलायतेहून आणली होती. त्याच्या मुलखात रस्ते असे, की ती बहुतेक वेळा बैलांनीच ओढावी लागे. त्याच्या बागेत लावायला केळीचे कंद घेऊन भाऊ गेले आणि परतताना ती गाडीच विकत घेऊन आले. गोदाकाकूंनी, म्हणजे भाऊंच्या बायकोनं, गाडीला ओवाळलं आणि विचारलं, "दोघांचीच? मंग बाकीच्यांनी काय मांगून पयत यायचं?" वाऱ्याशी स्पर्धा करायला बनवलेली ती गाडी भाऊ छकड्याच्या चालीनं हाकत. कुणी काही म्हटलं तर उत्तर ठरलेलं: "घाई कोनाले हाये, भो?"

गावात भाऊंचं सगळ्यांशी बरं होतं. एका सख्ख्या थोरल्या भावाशी मात्र नव्हतं. नानाभाऊ त्यांचं नाव. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं बोलणं तुटलं, ते तुटलेलंच राहिलं. घरं एका भिंतीची, खळं सामाईक, त्यामुळे रोज तोंडाला तोंड. मग काय करायचं? तिसरा माणूस मध्ये घालायचा. मी गेल्यापासून तो तिसरा माणूस मी होतो. दोघं हातभर अंतरावर उभे असत आणि नानाभाऊ म्हणत, "मास्तर, त्याले सांगा, पाट फुटला." सुपडूभाऊ म्हणत, "मास्तर, त्याले सांगा, मले दिसते." मी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे मान फिरवायचो. काही सांगावं लागत नसे. पण मी हजर असावं लागे.

सुपडूभाऊंना मूलबाळ नव्हतं. नानाभाऊंची मुलगी वेणू लहानपणी यांच्याच खांद्यावर वाढलेली. तिचं लग्न ठरलं, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यावरची तिथी निघाली, आणि नानाभाऊंनी चावडीवर सांगून टाकलं, की धाकट्याच्या दारी अक्षत जाणार नाही. त्या दिवसापासून भाऊ तांबडीला रोज पुसू लागले. मी विचारलं, "कशासाठी एवढं?"

"वेणूले हिच्यातून सासरी पाठवीन."

"पण बोलावणं?"

"येईन ते," भाऊ म्हणाले आणि समोरच्या काचेची पितळेची चौकट घासत राहिले.

बोलावण्याऐवजी सरदार आला. सरदार हा नानाभाऊंचा बैल. खळ्यात एका बाजूला नानाभाऊंची जनावरं आणि दुसऱ्या बाजूला छपराखाली तांबडी, अशी मांडणी होती. त्या सकाळी सरदारचं दावं सुटलं. ऊन नेमकं गाडीच्या पुढच्या काचेवर पडलं होतं आणि त्या काचेत त्याला एक दुसरा बैल दिसला. तोही याच्याकडेच रोखून पाहत होता. सरदारनं मान खाली घातली, तर त्यानंही घातली. एवढा उद्धटपणा सरदारनं आयुष्यात पाहिला नव्हता. आवाज असा झाला, की भाऊ अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालावर साबण, तसेच न्हाव्यासमोरून उठून पळाले.

काचेचा चुरा झाला होता. भाऊंनी गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. सरदारच्या कपाळातून रक्त येत होतं. त्याचं शिंग धरून, त्याच्याशी हळू आवाजात काहीबाही बोलत, त्यांनी एकेक तुकडा काढायला घेतला. तेवढ्यात नानाभाऊ आले आणि गरजले, "मास्तर, त्याले सांगा, माह्या बैलाचं कपाय त्याच्या काचीनं फाडलं!"

भाऊ मान वर न करता म्हणाले, "मास्तर, त्याले सांगा, बैलाले हयद लावतो अन मंग भांडतो."

प्रकरण पंचांकडे गेलं. पंचांनी दोन्हीकडचं ऐकून घेतलं आणि निवाडा दिला: गाडी यापुढे बैलांसमोर उभी करायची नाही, आणि काच नानाभाऊंनी बसवून द्यायची. नानाभाऊ शब्दाचे पक्के. म्हणाले, "बसवून दे म्हनले ना? मंग मी माह्या हातानं बसवून देईन."

मापासाठी त्यांनी केळीचं मोठं पान आणलं, काचेच्या रिकाम्या चौकटीवर धरलं आणि विळ्यानं बरोबर कापून घेतलं. ते पान घेऊन ते जळगावला गेले. काचवाल्यानं पान ठेवून घेतलं आणि सवड झाल्यावर कापतो म्हणाला. त्याला सवड होईपर्यंत पान वाळून आकसलं. काच आली ती चौकटीत सैल बसली आणि गाडी हलवताच आतल्या आत सुटून सीटवर पडली. सुपडूभाऊ हसू दाबत म्हणाले, "मास्तर, त्याले सांगा, जल्म केयीत गेला, पन केयीचं पान वायते हे ठाऊक नही." नानाभाऊंचा चेहरा पडला. मला त्यांची दया आली. जळगावच्या दुकानदारानं निरोप धाडला होता, की असल्या गाडीला जाड काच लागते आणि ती धुळ्याला मिळेल. आग्रा रोडवरच्या मोटारींच्या काचा तिथं बसवतात. पण गाडीच न्यावी लागेल.

म्हणून एका सकाळी आम्ही धुळ्याला निघालो. गाडी भाऊ चालवणार, काच नानाभाऊ बसवणार, आणि दोघांत बोलणं नसल्यामुळे मी पाहिजेच. दोघांच्या गाडीत तिघं. मी मध्ये, गिअरचा दांडा माझ्या गुडघ्यांत. समोर काच नाही. तापी ओलांडून जळगाव मागे पडलं तसा फुफाटा तोंडावर येऊ लागला.

"मास्तर, त्याले सांगा, सावकाश हाक!"

"मास्तर, त्याले सांगा, याहून सावकाश हाकली तं गाडी मांगं जाईन!"

एरंडोलजवळ नानाभाऊ काहीतरी जहाल सांगायला तोंड उघडत होते, तेवढ्यात एक किडा थेट घशात गेला. पुढे बराच वेळ त्यांनी तोंडाला पागोट्याचा सोगा लावला. पागोटं त्यामुळे सैल झालं, सुटलं, आणि गाडीच्या मागे लांबच लांब फडफडू लागलं. लोक शेतातली कामं सोडून बघायला उभे राहत.

पारोळ्याच्या अलीकडे रस्त्याला वळण होतं. वळणावर एक ठेलारी मेंढपाळ कांबळं पांघरून उभा होता. भला माणूस, त्यानं आम्हाला पाहून हात जोडले. आता त्यानं जोडल्यावर भाऊ थोडेच राहणार? त्यांनी चाक सोडलं, दोन्ही हात छातीशी नेले, "रामराम हो!" आणि वळणापलीकडे त्याचा सगळा कळप रस्ताभर पसरलेला.

"सुप्या! हात खाली घे! मेंढ्या, सुप्या, मेंढ्या! ब्रेक दाब!" नानाभाऊ थेट भाऊंवरच ओरडले.

भाऊंनी ब्रेक दाबला. गाडी आडवी होऊन कळपाच्या मधोमध थांबली. एकाही मेंढीला धक्का लागला नाही. एक शेळी मात्र तांबडीच्या नाकावर चढली, चालत चालत पुढे आली आणि जिथं काच असायला हवी होती तिथून मान आत घालून नानाभाऊंच्या पागोट्याचं टोक चघळू लागली. तिला कुणी हाकललं नाही. नानाभाऊ समोर बघत होते, भाऊ समोर बघत होते. मला कळत नव्हतं कुणाकडे बघावं.

अखेर नानाभाऊ माझ्याकडे वळले. "मास्तर, त्याले सांगा..." आणि थांबले.

"सांग ना, दादा," सुपडूभाऊ म्हणाले. "मी अठीच हाये."

नानाभाऊंनी सांगितलं. पारोळ्यापासून धुळ्यापर्यंत ते सांगतच होते. विहिरीची पाळी, फुटलेला पाट, बांधावरचा आंबा, ही असली गाडी, आणि लोकांना रामराम घालायची ही असली रीत. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं. मला काही काम उरलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच दोन्ही हात चाकावर घट्ट ठेवून भाऊ गाडी हाकत होते, आणि त्यांचा चेहरा एखाद्या उत्सवाला निघालेल्या माणसासारखा होता.

धुळ्याच्या दुकानदारानं गाडीभोवती फेरी मारली. "ही गाडी कोनी शे?" म्हणजे कुणाची, असं त्यानं मला विचारलं. भाऊ माझ्या कानाशी लागले, "मास्तर, हे तुमचे शेवाले दिसतात. बोला." मी बोललो. त्याच्याकडे दर्शनी कपाटाची जाड काच होती. त्यानं कागदावर माप घेतलं आणि हिऱ्याच्या कणीनं ती कापून दिली. चौकटीत बसवायला त्याचा माणूस पुढे झाला, तर नानाभाऊ आडवे आले. "पंचायले शब्द देला हाये. मीच बसवीन." काचेखालची रबराची पट्टी कुजली होती, म्हणून त्यांनी बाजारातून चामड्याची वादी आणून ती घातली. मग स्क्रू आवळायला घेतले. बैलगाडीचा आस आवळावा तसे आवळले. कडकन आवाज झाला आणि काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकली.

दुकानदार दुसरी कापायला आत गेला. नानाभाऊ पायरीवर बसले. "मले नही जमत, सुपडू," ते म्हणाले. नानाभाऊंच्या तोंडून असलं वाक्य मी तरी कधी ऐकलं नव्हतं.

"एकट्यानं जमायचं काम नही ते," भाऊ म्हणाले. "ऊठ."

दुसऱ्या खेपेला भाऊ गाडीत बसून आतून काच धरून राहिले आणि नानाभाऊंनी बाहेरून स्क्रू लावले. मध्ये ती काच. दोघांची तोंडं वीतभर अंतरावर.

"हयू."

"मले शिकवू नको. धर तू निस्ता."

"डाव्या अंगाले दाब पडू राह्यला."

"दिसते मले. हात सरकव... हां. आता सोड."

भाऊंनी हात सोडला. काच बसली होती. ती कपाटाची काच, तिच्यातून रस्ता जरा नागमोडी दिसे. परतीच्या वाटेवर नानाभाऊ म्हणाले, "झाडं नाचू राह्यली." भाऊ म्हणाले, "नाचू दे. घाई कोनाले हाये?"

गावी आल्यावर चार दिवस नानाभाऊ फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी दारात उभे. हातात हळदकुंकवाचं ताट. गोदाकाकूंच्या हाती अक्षत देऊन ते म्हणाले, "लग्नाले या," आणि मग ओसरीवरूनच भाऊंना ओरडले, "अन ती गाडी धुवून ठेव, सारा चिखल हाये तिले!" चिखलाचा एक थेंबही नव्हता. भाऊंनी तरी ती पुन्हा धुतली.

पुढं दुसरं महायुद्ध आलं, पेट्रोल मिळेनासं झालं, तांबडी छपराखाली उभी राहिली. माझी बदली झाली. भाऊ गेले तेव्हा मला वेळेवर पोचता आलं नाही, ही रुखरुख आहे. पण मला ते आठवतात ते वेणूच्या पाठवणीच्या दिवशीचे.

वऱ्हाड छकड्यांतून पुढे गेलं होतं. वेणू आणि तिची पाठराखीण दाटीवाटीनं तांबडीत बसल्या. बायका रडत होत्या. भाऊ चाकामागे बसले, पण गाडी सुरू करेनात. उपरण्यानं समोरची काच पुसत राहिले. आतून पुसली, उतरून बाहेरून पुसली, परत बसून आतून पुसली. "काही दिसतच नही हिच्यातून," असं पुटपुटत होते. नानाभाऊ गर्दीतून पुढे आले. त्यांनी काचेवर एकदा बोट फिरवून पाहिलं आणि भावाच्या खांद्यावर हात ठेवला.

"काच साफ हाये, सुपडू. डोये पूस."

भाऊंनी डोळे पुसले, आणि वेणू सासरी निघाली.