पोळ्याचे इनचार्ज

नागपुरातल्या कळमन्याच्या एका शीतगृहात मी मशीनरूमची इनचार्ज होते. संत्र्याच्या सगळ्या खोल्यांचं तापमान तिथे एका स्क्रीनवर दिसायचं. ठरवलेल्या मर्यादेपेक्षा वाढलं की भोंगा वाजायचा. ती मर्यादा बदलायचा अधिकार फक्त इनचार्जला. एकदा सगळ्यांसमोर मॅनेजरला "साहेब, तुमचं चुकलं" म्हणाले आणि आठवडाभरात माझी रवानगी गेटजवळच्या आवक काउंटरवर झाली. गेले. पण मान खाली घालून गेले नाही.

माझ्या जागी हुडकेश्वरहून येणारी एक पोरगी आली. खरं तर तिचा राग यायला हवा होता. नाही आला. हुशार होती, मेहनती होती, आणि डबा माझ्याजवळच येऊन खायची.

मग एका दुपारी एका खोलीतली संत्री नरमली. भोंगा वाजलाच नव्हता. कोणीतरी मर्यादा वाढवून ठेवली होती. कॉम्प्युटरमधल्या नोंदीत माणसाचं नाव नाही, नुसतं 'इनचार्ज'. मॅनेजरने लगेच पोरीला काढायचं पत्र टाइप केलं.

"ताई, मी हात नाही लावला त्याले," ती रडून राहिली होती.

मी माझ्या फोनवरचं शीतगृहाचं जुनं ॲप उघडलं. नावापुढे 'काउंटर' लिहिलेलं, पण मर्यादा बदलायचं बटण चालू! बाप्पा! थोडं डोकं चालवल्यावर उलगडा झाला. पोळा आणि तान्हा पोळा, हे दोन दिवस आमचे अर्धे लोक गावी जातात. मागे उरेल त्याला कॉम्प्युटरवर 'पोळा इनचार्ज' करायचं, ही आमची रीत. अधिकार देताना घाई, काढायची आठवण कोणाच्या बापाला! माझं मूळ पद काढलं, पण त्याआधी कधीतरी मिळालेलं पोळ्याचं तसंच राहिलं. आणि नोंदीत तेही नुसतं 'इनचार्ज' म्हणूनच उमटतं.

मॅनेजरला सांगितलं तर म्हणतो कसा, "झाकली मूठ सव्वा लाखाची. पहिला संशय तुमच्यावरच येईल."

खरं होतं ते. माझी खुर्ची गेली होती, म्हणजे कारणही तयार. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण चोर सोडून संन्याशाला फाशी मला बघवेना. मी काउंटरवर बसल्या बसल्या मर्यादा खाली आणली. सगळं शीतगृह भोंग्याने दणाणलं.

शीतगृहाचे मालक शेठ धावत बाहेर आले. "काहून वाजून राहिला?"

"मी वाजवला. इथून."

"पाहा शेठ, कबूल करून राहिली!" मॅनेजर म्हणाला.

"हाव, आजचा कबूल. संत्र्याच्या खोलीचं ना मी केलं, ना तिनं. कॉम्प्युटरवरून 'पोळा इनचार्ज'ची यादी काढा."

यादी निघाली. चौदा नावं. तिघं केव्हाच नोकरी सोडून गेलेले, आणि एक नाव खुद्द मॅनेजरचं.

"मग केलं कोणी?" शेठनी विचारलं.

"चौदातल्या कोणीही. कोणाला तरी काढायचंच असेल तर मले काढा. त्या पोरीचं पत्र आधी फाडा."

शेठनी पत्र फाडलं. मॅनेजर मात्र हटेना. "भोंगा तुम्ही वाजवला, तेवढं लिहून द्या."

दिलं लिहून. सही केली आणि सहीखाली आणखी एक ओळ लिहिली: 'अधिकार अजून काढलेले नाहीत. उद्या सकाळी नऊ वाजता परत वाजवून पाहीन.'